सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही: जुन्या डिझेल गाडीतला इमोबिलायझर तपासण्याचा क्रम

इमोबिलायझर म्हणजे ओळखीची चावी नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारी, चोरी रोखणारी यंत्रणा. ही माहिती साधारण २००५ ते २०१५ या काळातल्या, चावीत चिप असलेल्या डिझेल गाड्यांसाठी आहे. स्विफ्ट-डिझायर डीडीआयएस, इंडिका व्हिस्टा क्वाड्राजेट, पुन्टो, लिनिया, व्हर्ना आणि आय-ट्वेन्टी सीआरडीआय, फिगो, पोलो टीडीआय, इनोव्हा या सगळ्या गाड्या खान्देशात अजून भरपूर धावतात. त्याआधीच्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांचा भाग पाचव्या तपासणीत दिला आहे.

लक्षणे

इमोबिलायझरवर संशय घ्यावा अशी लक्षणे थोडीच आहेत, पण ती नेमकी आहेत.

सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरतो, इंजिन मात्र पेट घेत नाही आणि डॅशबोर्डवरच्या मीटरमधला चावीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकत राहतो किंवा सतत पेटलेला दिसतो. हे सगळ्यात नेहमीचे लक्षण.

इंजिन लगेच सुरू होते आणि एक-दोन सेकंदांत आपोआप बंद पडते. पुन्हा मारले की पुन्हा तेच. फोक्सवॅगन आणि स्कोडा गाड्यांमध्ये बिघाड बहुधा याच रूपात दिसतो.

एका चावीने गाडी सुरू होते, दुसरीने होत नाही. किंवा सकाळी एका झटक्यात सुरू झालेली गाडी दुपारी उन्हात उभी राहिल्यावर अडून बसते आणि संध्याकाळी पुन्हा काही न करता सुरू होते.

काही गाड्यांत, विशेषतः फोर्डमध्ये, इमोबिलायझर स्टार्टरलाही अडवतो, म्हणजे सेल्फच फिरत नाही. बाकी बहुतेक गाड्यांत सेल्फ न फिरण्याचे कारण बॅटरी, रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) किंवा क्लच स्विच असते.

आता इमोबिलायझरकडे बोट दाखवत नाहीत अशी लक्षणे. चालती गाडी रस्त्यात बंद पडत असेल तर कंपनीच्या इमोबिलायझरला सोडून द्या. तो चावीची ओळख फक्त सुरू होताना पटवतो. एकदा ओळख पटली की चालू इंजिन तो बंद करत नाही. तिथे क्रँक सेन्सर (इंजिनचे फिरणे टिपणारा), मेन रिले, डिझेलचा पुरवठा किंवा बाहेरून बसवलेला अलार्म पाहावा लागतो.

दुसरी खूण धुराची. एकाला सेल्फ मारायला सांगा आणि सायलेन्सरकडे बघा. पांढरट धूर निघत असेल तर डिझेल सिलिंडरमध्ये जाते आहे आणि जळत नाही, म्हणजे इमोबिलायझरने वाट अडवलेली नाही. हीटर प्लग (थंड सिलिंडर तापवणारे) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघा. अजिबात धूर नसेल तर इंजेक्शनच होत नाही. मग ते इमोबिलायझरमुळे असेल, सेन्सरमुळे असेल किंवा डिझेलच्या लाइनने हवा धरल्यामुळे असेल.

तिसरी खूण आरपीएमचा काटा. सेल्फ फिरताना तो थोडा उचलला, दोनशे-तीनशेवर हलला, तर क्रँक सेन्सर बहुधा जिवंत आहे. काटा शून्यावर मेल्यासारखा पडून असेल तर आधी क्रँक सेन्सर तपासा. या एका खुणेने अनेकांचा चावीवरचा खर्च वाचेल.

आत काय घडते

चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक छोटी चिप असते. तिला सेल लागत नाही. इग्निशन लॉकभोवती तारेची एक रिंग असते. चावी ऑन केली की ती रिंग बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झच्या लहरी सोडते, त्या लहरींवरच चिपला वीज मिळते आणि चिप आपला कोड परत पाठवते. हा कोड इमोबिलायझरचा डबा वाचतो आणि इंजिनच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, कळवतो. काही गाड्यांत हा डबा स्वतंत्र असतो, काहींत मीटरमध्ये किंवा बॉडी कॉम्प्युटरमध्ये (दिवे, लॉक वगैरे सांभाळणाऱ्या डब्यात) असतो. ईसीयूचे समाधान झाले तर तो इंजेक्टर उघडतो, नाही झाले तर उघडत नाही.

म्हणजे चार गोष्टी हव्यात: वाचता येणारी चिप, धड रिंग, डब्याला आणि ईसीयूला पुरेसा व्होल्टेज, आणि दोघांमधली शाबूत वायर. डबा किंवा ईसीयू स्वतःहून मरतो असे फार क्वचित होते. म्हणून चावी, वीज आणि वायर या तिन्ही गोष्टी निर्दोष ठरेपर्यंत कोणालाही ईसीयू काढू देऊ नका. खालचा सगळा क्रम याच हिशेबाने लावला आहे: आधी फुकटचे, मग स्वस्तातले, शेवटी महागाचे.

पहिली तपासणी: दिवा नीट बघा

चावी ऑनवर आणा, सेल्फ मारू नका. बहुतेक गाड्यांत सिक्युरिटीचा दिवा दोन-तीन सेकंद पेटून विझतो. विझला तर चावीची ओळख पटली असे धरायला हरकत नाही आणि बिघाड दुसरीकडे शोधायचा. लुकलुकत राहिला किंवा पेटून राहिला तर तुम्ही योग्य रस्त्यावर आहात.

इनोव्हासारख्या गाड्यांत गाडी बंद असताना, चावी बाहेर असताना, दिवा लुकलुकतो. तो बिघाड नाही, पहारा चालू असल्याची खूण आहे. चावी घातल्यावर तो थांबला पाहिजे.

फोर्डच्या अनेक गाड्यांत बिघाड असेल तर दिवा आधी काही वेळ भरभर लुकलुकतो, नंतर थांबून दोन आकडी कोड देतो. एक लुकलुक, थोडे थांबून तीन लुकलुक म्हणजे १३: चावीतून चिपचा संदेशच आला नाही. १५ म्हणजे चिप वाचली, पण ती या गाडीला शिकवलेली नाही. मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, सावकाश मोजता येते आणि पुढे इलेक्ट्रिशियनलाही दाखवता येतो.

दुसरी तपासणी: चावी

जुडग्यातून गाडीची चावी एकटी सुटी करा. दुसऱ्या गाडीची चिपची चावी त्याच कडीत असेल तर दोन्ही चिप एकदम बोलतात आणि रिंगला काहीच नीट वाचता येत नाही. धातूचे शोभेचे कव्हर, लोखंडी जाड कडी, देवाचा पितळी बिल्ला यांनीही लहरी अडतात. चावी काढा, दहा-पंधरा सेकंद थांबा, एकट्या चावीने पुन्हा ऑन करा.

मग दुसरी मूळ चावी वापरा. घरातल्या कपाटातून ती शोधून काढण्याचा कंटाळा करू नका. सगळ्या तपासण्यांत सर्वांत जास्त उत्तर देणारी हीच आहे. दुसऱ्या चावीने गाडी लगेच सुरू झाली तर बिघाड पहिल्या चावीच्या चिपमध्ये आहे आणि गाडीला हात लावायची गरज नाही. दोन्हींनी होत नसेल तर चावी बहुधा निर्दोष आहे, कारण दोन चिप एकाच दिवशी मरत नाहीत.

इथे एक चूक वारंवार दिसते. चावीचे कव्हर फुटते, बाजारातून नवे कव्हर आणले जाते, बटणांची पट्टी आणि सेल नव्यात बसवले जातात आणि जुने कव्हर कचऱ्यात जाते. चिप त्या जुन्या कव्हरातच राहिलेली असते. अनेक गाड्यांत ती पट्टीवर नसून कव्हराच्या कोपऱ्यात वेगळी दाबून बसवलेली असते: काळा, पाचरीच्या आकाराचा, साधारण सव्वा सेंटिमीटरचा तुकडा किंवा काचेची बारीक नळी. काचेची असेल तर चावी फरशीवर पडल्यानेही तडकते. कव्हर बदलताना जुने कव्हर पूर्ण उघडून, कोपरे चाचपून मगच फेका.

तसेच साध्या मशीनवर घासून केलेली डुप्लिकेट. दार उघडते, लॉक फिरते, सेल्फ फिरतो, इंजिन मात्र सुरू होत नाही, कारण तिच्यात चिपच नाही. याचा पडताळा फुकटात होतो. डुप्लिकेट लॉकमध्ये घाला, मूळ चावीचे डोके लॉकच्या रिंगला अगदी चिकटवून धरा आणि ऑन करा. दिवा विझला आणि गाडी सुरू झाली, तर रिंग, डबा, वायर सगळे ठीक आहे. फक्त डुप्लिकेटला चिप हवी आणि ती गाडीला शिकवून घ्यायला हवी.

रिमोटचा सेल, बहुधा सीआर २०३२ किंवा सीआर १६२०, बदलून बघायला हरकत नाही, पण त्याचा संबंध दरवाज्याच्या लॉकशी आहे. सेल संपला म्हणून चावी फिरवून सुरू होणारी गाडी अडत नाही.

आणि घाईघाईत वीस वेळा ऑन-ऑफ करू नका. काही गाड्यांत ठराविक चुकीच्या प्रयत्नांनंतर इमोबिलायझर थोडा वेळ स्वतःला बंद करून घेतो. त्या काळात बरोबर चावीही चालत नाही. अशा वेळी अर्धा तास शांतपणे सोडून द्या.

तिसरी तपासणी: बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग

डिझेल इंजिनचे कॉम्प्रेशन जास्त, म्हणून सेल्फला करंटही जास्त लागतो. तो ओढला जात असताना अशक्त बॅटरीचा व्होल्टेज एकदम बसतो आणि नेमक्या त्याच क्षणी इमोबिलायझर आणि ईसीयू एकमेकांशी बोलत असतात. बोलणे अर्धवट तुटले की ईसीयू चावी नाकारतो. सेल्फ फिरतो आहे म्हणजे बॅटरी चांगली आहे, हा समज म्हणूनच धोक्याचा.

आपल्याकडे बॅटरी लवकर थकते. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचे तापमान ४५ अंशांच्या घरात जाते, बोनेटखाली त्याहून खूप जास्त. पाणी उडते, प्लेट उघड्या पडतात. गंमत अशी की उन्हाळ्यात कमजोर झालेली बॅटरी उघडी पडते थंडीत, डिसेंबरच्या पहाटे, जेव्हा घट्ट ऑइलमुळे सेल्फवर जोर येतो. त्यात कोणी खर्च वाचवायला पेट्रोल गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी डिझेलला लावलेली असेल तर मग विचारायलाच नको.

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर बंद असल्यावर सकाळी बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे आधी चार्ज करा, मग पुढचे बोला. आता दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून आकडा बघत राहा. ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरीवर लोड टेस्ट (जोर देऊन केलेली चाचणी) करून घ्या. गाडी सुरू झाली तर चालू इंजिनवर १३.८ ते १४.५ मिळायला हवेत. नाही मिळाले तर अल्टरनेटर बॅटरी भरत नाही.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार साचला असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने धुवा, कोरडे करा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना निगेटिव्ह शेवटी.

अर्थिंगकडे, म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह इंजिनला आणि बॉडीला जोडणाऱ्या पट्टीकडे, बहुतेक जण बघतच नाहीत. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरे इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूला लावा आणि सेल्फ मारा. ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंगची पट्टी किंवा तिचा बोल्ट खराब आहे. पट्टी काढून, धातू पॉलिश पेपरने चकचकीत करून पुन्हा आवळली की अनेकदा "इमोबिलायझरचा बिघाड" तिथेच संपतो. हीच मोजणी बॉडीच्या अर्थवरही करा.

जंप स्टार्ट घ्यायचा असेल तर ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी चालते. ट्रकवरून घेऊ नका. ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट असतात आणि त्या एका झटक्यात ईसीयू, मीटर आणि इमोबिलायझर तिन्ही जळू शकतात. कॅरिअर किंवा गार्डचे वेल्डिंग करतानाही बॅटरीच्या दोन्ही वायरी आधी काढा.

चौथी तपासणी: फ्यूज

ईसीयू, इमोबिलायझर, मीटर आणि इग्निशन यांचे फ्यूज बहुधा दोन ठिकाणी असतात, बोनेटखाली आणि डॅशबोर्डच्या खाली. झाकणावरचा नकाशा बघा. फ्यूज डोळ्यांनी चांगला दिसतो आणि आतून तडकलेला असतो, म्हणून चावी ऑन ठेवून फ्यूजच्या पाठीवरच्या दोन्ही टोकांना मीटरने व्होल्टेज मोजा. एका टोकाला १२ आणि दुसऱ्याला शून्य म्हणजे उडालेला. सॉकेटमधल्या पत्र्याच्या जिभा सैल किंवा काळ्या पडल्या असतील तर नव्या फ्यूजनेही उपयोग नाही.

त्याच अँपिअरचा फ्यूज लावा. दुसराही लगेच उडाला तर तिसरा लावू नका आणि तार बांधून तर मुळीच नको. कुठेतरी शॉर्ट आहे.

चावी ऑन केली तरी चेक इंजिनचा दिवा अजिबात पेटत नसेल, तर ईसीयूलाच वीज मिळत नाही. हा मेन रिलेचा किंवा फ्यूजचा प्रश्न आहे, चावीचा नाही.

पाचवी तपासणी: बाहेरून बसवलेली यंत्रे

जुन्या गाडीत एकदा तरी कोणीतरी अलार्म, सेंट्रल लॉक किंवा जीपीएस ट्रॅकर बसवलेला असतो. टूर्सची गाडी किंवा कर्जावर घेतलेली गाडी असेल तर ट्रॅकरसोबत इंजिन बंद करणारा रिलेही असू शकतो. गाडी दोन-तीन हातांतून फिरली की त्याची आठवण कोणालाच राहत नाही, रिले मात्र डॅशबोर्डखाली टेप गुंडाळून पडलेला असतो. त्याचे कॉन्टॅक्ट धूळ आणि उष्णतेने जळतात आणि लक्षणे हुबेहूब इमोबिलायझरसारखी दिसतात. एकच फरक: मीटरमधला कंपनीचा सिक्युरिटी दिवा नेहमीसारखा विझतो.

इग्निशन स्विचकडून येणाऱ्या जाड वायरींचा माग काढा. कंपनीच्या हार्नेसवर (वायरींच्या जुडग्यावर) कापडी टेप किंवा नळी असते. त्यात मध्येच साध्या काळ्या टेपची गाठ, वेगळ्या रंगाची वायर, चौकोनी छोटा रिले दिसला तर तो बाहेरचा आहे. रिलेने तोडलेली वायर पुन्हा सरळ जोडून, सोल्डर करून, हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी चढवली की झाले. गाडी कर्जावर असेल तर ट्रॅकर काढण्याआधी फायनान्सवाल्यांना विचारा.

मेकॅनिकल रोटरी पंपाच्या जुन्या गाड्यांत चिप बहुधा नसतेच. तिथे पंपावर डिझेल बंद करणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) असतो. त्याला १२ व्होल्ट मिळाले तरच तो डिझेल सोडतो. अलार्मवाल्यांनी नेमकी हीच वायर तोडून रिले घातलेला असतो. बोनेट उघडून कान द्या आणि चावी ऑन करायला सांगा. पंपाजवळून 'टक' असा आवाज यायला हवा. आवाज नसेल तर सोलेनॉइडच्या वायरवर व्होल्टेज मोजा. १२ व्होल्ट येत असून आवाज नाही, तर सोलेनॉइड खराब. व्होल्टेजच येत नाही, तर फ्यूज, वायर किंवा अलार्मचा रिले.

पुन्टो-लिनियासारख्या काही गाड्यांत धक्का लागल्यावर डिझेल तोडणारा इनर्शिया स्विचही असतो. मोठ्या खड्ड्यात आपटल्यानंतर गाडी सुरू होईनाशी झाली असेल तर त्याचे बटण दाबून पूर्ववत करा. आधी डिझेल गळत नाही ना, हे वाकून बघा.

सहावी तपासणी: उंदीर आणि पाणी

कपाशीच्या गंजीशेजारी, धान्याच्या गोदामात, केळीच्या बागेतल्या शेडमध्ये उभी राहणारी गाडी उंदरांना आयतेच घर देते. कापूस घरात येण्याच्या दिवसांत, दिवाळीच्या आगेमागे, वायर कुरतडल्याच्या तक्रारी वाढतात. बोनेटखाली लेंड्या, कापसाचे पुंजके, कुरतडलेला फोम दिसला तर हार्नेस बोटांनी चाचपत शेवटपर्यंत जा. बॅटरी ट्रेच्या खाली, इंजिन कव्हरच्या खाली आणि फायरवॉलमधून वायरी आत शिरतात त्या रबरी बुशजवळ जास्त लक्ष द्या. वरून साल शाबूत दिसते आणि खालच्या बाजूने तांबे उघडे असते, म्हणून छोटा आरसा किंवा मोबाइलचा कॅमेरा खाली घालून बघा.

तुटलेली वायर पीळ देऊन टेपने बांधू नका. आज चालेल, पावसाळ्यात आत हिरवा गंज धरेल आणि तोच बिघाड अधूनमधून परत येईल, आणि अधूनमधून येणारा बिघाड शोधायला सर्वांत अवघड. सोल्डर करा, हीट श्रिंक चढवा. पिळाची जोडी दिसली तर दुरुस्तीनंतर तो पीळ तसाच ठेवा, ती बहुधा कॅन लाइन, म्हणजे ईसीयू आणि बाकीचे डबे ज्यावरून एकमेकांशी बोलतात ती लाइन, असते.

पाण्याचा बिघाड जून-जुलैत वर येतो. गाडी कडुनिंबाखाली उभी राहत असेल तर वायपरखालच्या जाळीत पाने साचतात, पाणी जायची भोके बुजतात आणि पाणी आत डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्सवर किंवा बॉडी कॉम्प्युटरवर झिरपते. पायाखालचा गालिचा उचलून हात लावा. ओलसर असेल तर आधी भोके साफ करा, कपलर (वायरींचे जोड) एकेक सोडवून बघा. पिनांवर हिरवट थर असेल तर बॅटरी काढून कॉन्टॅक्ट क्लिनर मारा आणि पूर्ण वाळू द्या. वॉशिंग सेंटरवर बोनेट उघडून प्रेशरने इंजिन धुऊन घेणे जुन्या डिझेल गाडीत टाळाच.

सातवी तपासणी: लॉकभोवतीची रिंग

उन्हात उभी राहिल्यावर अडणारी आणि थंडाव्यात सुरू होणारी गाडी असेल, दोन्ही चाव्यांनी तेच होत असेल आणि बॅटरी चांगली असेल, तर रिंगवर संशय घ्या. बंद गाडीत मे महिन्यात डॅशबोर्ड चटका बसण्याइतका तापतो. रिंगची तार केसासारखी बारीक असते. सोल्डरच्या टोकाशी ती तडकली की तापल्यावर अंतर पडते आणि थंड झाल्यावर पुन्हा चिकटते.

बॅटरीचा निगेटिव्ह काढा, दहा मिनिटे थांबा, मग स्टिअरिंगखालच्या कव्हरचे स्क्रू सोडवा. पिवळे कपलर किंवा पिवळ्या नळीतल्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावायचा नाही. रिंगचा कपलर आधी नुसता काढून पुन्हा घट्ट बसवा. सैल कपलर हे तुटलेल्या रिंगपेक्षा जास्त वेळा सापडणारे कारण आहे.

रिंगला दोनच वायरी असतील तर कपलर काढून ओहम मोजा. मॉडेलप्रमाणे आकडा बदलतो, पण तो काही ओहम ते काही दहा ओहम असा छोटा आणि स्थिर यायला हवा. मीटरने 'ओपन' दाखवले तर रिंग तुटलेली. गाडी अडलेली असताना, म्हणजे भर दुपारी, मोजा आणि संध्याकाळी परत मोजा. वायरी हलवत मोजा. तीन-चार वायरींची रिंग असेल तर तिच्यातच इलेक्ट्रॉनिक्स आहे, तिथे ओहम मोजून काही कळत नाही.

नुसती रिंग बदलली तर बहुतेक गाड्यांत चाव्या पुन्हा शिकवाव्या लागत नाहीत. रिंग आणि डबा एकत्र असेल तर मात्र लागू शकतात, म्हणून विकत घेण्याआधी पार्ट नंबर जुळवा.

आठवी तपासणी: स्कॅनर

ब्लूटूथवर चालणारा छोटा स्कॅनर ईसीयूतले सामान्य बिघाडाचे कोड वाचतो, एवढ्यापुरता घ्यायला हरकत नाही. पी०५१३ म्हणजे चावी चुकीची, पी०६३३ म्हणजे चावी ईसीयूला शिकवलेली नाही, यू०१६७ म्हणजे इमोबिलायझरशी संपर्क तुटला. पहिल्या दोन कोडला चावीकडे परत जा, तिसऱ्याला डब्याची वीज आणि वायर बघा. याउलट पी०३३५ आला तर क्रँक सेन्सर, पी००८७ आला तर रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) कमी. मग डिझेल फिल्टर आणि लाइनमधली हवा बघा. कॉमन रेल इंजिनला सेल्फवर साधारण १५० ते २५० बार प्रेशर मिळाल्याशिवाय इंजेक्टर उघडतच नाहीत.

स्कॅनरच जोडला जात नसेल तर ओबीडी सॉकेटची (स्कॅनर ज्यात लावतात त्याची) १६ नंबरची पिन आणि ४ किंवा ५ नंबरची पिन यांच्यात १२ व्होल्ट येतात का बघा. येत नसतील तर फ्यूज गेला आहे. कॅन असलेल्या गाडीत बॅटरी काढून ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास बरोबर; १२० आले तर लाइन एका बाजूला तुटली आहे; शून्याजवळ आले तर दोन वायरी चिकटल्या आहेत. ईसीयूच्या पिनांना बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नका, त्याचा करंट आतल्या सर्किटला झेपत नाही. तिथे फक्त मल्टिमीटर.

पुढीलपैकी काहीही करू नका

धक्का मारून इमोबिलायझर टळत नाही. इंजिन फिरेल, पण ईसीयू इंजेक्टर उघडणार नाही. पुन्हा पुन्हा डिझेलची हवा काढत बसण्याचाही उपयोग नाही. सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये अर्धा मिनिट थांबा. नाहीतर चिपचा बिघाड राहील बाजूला आणि स्टार्टरचे वाइंडिंग जळेल. हीटर प्लग असलेल्या इंजिनात हवेच्या पाइपमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारणे सरळ धोक्याचे आहे, स्फोटाने पिस्टन फुटू शकतो.

भंगारातला ईसीयू आणून लावू नका. ईसीयू, इमोबिलायझर आणि चावी यांची जोडी जमलेली असते. दुसऱ्या गाडीचा ईसीयू नुसता लावून गाडी सुरू होणार नाही, उलट काही गाड्यांत तुमची चांगली चावीही अडचणीत येते.

ईसीयूमधून इमोबिलायझर कायमचा पुसून देतो म्हणणारेही भेटतात. गाडी सुरू होते हे खरे, पण त्यानंतर ती कोणत्याही घासलेल्या चावीने सुरू होईल. चोरी झाली तर विमा कंपनी मूळ चाव्या मागते आणि गाडीत केलेल्या बदलाबद्दल प्रश्न विचारू शकते. शिवाय पुसताना चूक झाली तर ईसीयू कायमचा जातो. साध्या अर्थिंगच्या पट्टीसाठी कोणी हा मार्ग स्वीकारू नये.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

दोन्ही मूळ चाव्या हरवल्या असतील तर पहिल्याच मिनिटाला थांबा. चिप शिकवायला गाडीचा पिन कोड (इमोबिलायझरचा गुप्त आकडा) लागतो आणि अनेक गाड्यांत चुकीचा पिन दोन-तीनदा टाकला की यंत्रणा बराच वेळ लॉक होते.

एअरबॅगचे कपलर मध्ये येत असेल, फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, वायर हाताला गरम लागत असेल किंवा जळका वास येत असेल, ईसीयूच्या डब्यात पाणी दिसले, कॅनचा आकडा चुकीचा आला, किंवा वरच्या सगळ्या तपासण्या बरोबर येऊनही दिवा लुकलुकत असेल, तर पुढचे काम इमोबिलायझर वाचू शकणाऱ्या पूर्ण स्कॅनरचे आहे. हे यंत्र प्रत्येक गॅरेजमध्ये नसते. जळगाव, धुळे येथे चिप प्रोग्रॅमिंग करणारे मिळतात. सातपुड्याच्या डोंगरात, धडगाव-तोरणमाळकडे, गाडी अडली तर तिथल्या तिथे वायरी कापत बसण्यापेक्षा ती टो करून खाली आणणे स्वस्त पडते. टो करण्याआधी स्टिअरिंग लॉक सुटले आहे ना, हे बघा.

इलेक्ट्रिशियनला फोन करताना या गोष्टी सांगा: मॉडेल आणि वर्ष, दिवा कसा वागतो, दुसऱ्या चावीने काय होते, सेल्फ मारताना व्होल्टेज किती, आरपीएमचा काटा हलतो का, धूर निघतो का, बिघाड उन्हात होतो की पावसात, आणि अलीकडे बॅटरी, कव्हर, अलार्म यांपैकी काय बदलले. एवढे सांगितले की तो योग्य यंत्र घेऊन येईल.

नवी चावी शिकवून घेताना घरातल्या सगळ्या चाव्या सोबत न्या. अनेक गाड्यांत प्रोग्रॅमिंग करताना जुनी यादी पुसली जाते आणि त्या वेळी समोर नसलेली चावी बाद होते. काम झाल्यावर प्रत्येक चावीने गाडी वेगवेगळी सुरू करून बघा, पिन कोड लिहून घ्या आणि तो कागद गाडीत न ठेवता घरी, कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा.